एम.लिब., नेट की कोहा? आधी दारातून परत गेलेला वाचक मोजा

प्रश्न असा आला आहे: “ग्रंथालयशास्त्रात बी.लिब. झालं. नागपुरातल्या एका जुन्या वस्तीत ‘ब’ वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथे काम करते. आम्ही दोघंच, मी आणि शिपाईदादा. पुढे एम.लिब. करू, नेटची तयारी करू, की ग्रंथालयाच्या कोहा सॉफ्टवेअरचा कोर्स लावू? दुसरं म्हणजे कार्यवाहांनी वार्षिक अहवालासाठी ‘समाजातील सर्व घटकांना सेवा’ या विषयावर टिपण मागितलंय. पैसे नाहीत, जागा नाही. काय लिहू? आणि खरंच काही करायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करू?”

आधी पगाराचं बोलून घेऊ, म्हणजे बाकीचं मोकळेपणानं बोलता येईल.

आपली सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली येतात. गावोगावची वाचनालयं सरकार स्वतः चालवत नाही, चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देतं. मद्रास प्रांताच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर बसवण्याची सोय होती, आपल्याकडे ती आली नाही. त्यामुळे पुस्तकं, वीजबिल, जागेचं भाडं आणि तुमचा पगार, सगळं त्या एकाच अनुदानातून भागवायचं, आणि अनुदान किती ते वाचनालयाच्या अ-ब-क-ड वर्गावरून ठरतं. तुम्ही एम.लिब. झालात म्हणून वाचनालयाचा वर्ग वाढत नाही, त्यामुळे तुमचा पगारही वाढत नाही. ग्रंथालय संचालनालयाच्या तपासणीत पात्रतेच्या रकान्यात एक टिकमार्क पडेल, बस.

म्हणून एम.लिब. आणि नेट-सेट करायचंच असेल तर महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथपालपदासाठी करा, आणि स्वतःशी तसं कबूल करून करा. त्यासाठी ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा लागते. आपल्या नागपूर विद्यापीठात विभाग आहे, नोकरी सांभाळून करायचं तर इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहे. या पगारावर घर चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. वाचनालय सोडून कॉलेजात गेलेल्या ग्रंथपालाला ‘सेवाभाव नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या पासबुकात डोकावावं.

पण तुम्ही नुसतं पदवीचं विचारलेलं नाही. काय शिकू हेही विचारलंय, आणि त्याचं उत्तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. आपल्याकडे प्रशिक्षण एका रांगेत चालतं आणि ‘सर्व घटकांना सेवा’ दुसऱ्या रांगेत. एकीत प्रमाणपत्रं जमतात, दुसरीत अहवालाचे परिच्छेद. माझ्या मते जो माणूस तुमच्या काउंटरवरून रिकाम्या हातानं परत गेला, तोच तुमचा अभ्यासक्रम ठरवतो. त्याला पुढच्या वेळी रिकामं पाठवू नये म्हणून जे यायला हवं ते शिकायचं, त्याच क्रमानं शिकायचं.

त्यासाठी एक शंभर पानी वही घ्या. देवघेवीच्या रजिस्टरात आपण काय दिलं ते लिहितो. या वहीत काय देता आलं नाही ते लिहायचं. चार रकाने पुरे: तारीख, काय मागितलं, आपण काय सांगितलं, का देता आलं नाही. मागणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. ‘का’ च्या रकान्यात ‘पुस्तक नाही’ एवढं लिहून थांबू नका. पुस्तक होतं पण सापडलं नाही, सापडलं पण माणूस सभासद नव्हता, सभासद होता पण अक्षर बारीक होतं, पायऱ्या चढवेनात, भाषा वेगळी होती, वेळ जुळली नाही, असं नेमकं लिहा. शिपाईदादांनाही लिहायला सांगा. दारातली अर्धी माणसं त्यांच्याशीच बोलून परत जातात, तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

तीनेक महिन्यांनी वही चाळलीत की कळेल की बहुतेक नकार पुस्तक नसल्यामुळे गेलेले नाहीत.

एक नमुना सांगते. पन्नाशीचा एक गृहस्थ आला. “म्याडम, कायद्याचं पुस्तक भेटन का जी?” आता कायद्याचं एक अख्खं कपाट आहे. नवखा ग्रंथपाल त्यांना तिथे नेऊन उभा करतो आणि जागेवर येऊन बसतो. पाच मिनिटांनी गृहस्थ ‘बरं जी’ म्हणून निघून जातो. रजिस्टरच्या दृष्टीनं काहीच घडलं नाही. पण जवळ बसवून विचारलं की कशासाठी पाहिजे होतं, तर हळूहळू निघतं: “माह्या बापाच्या नावानं वावर आहे. बाप गेला. तलाठी म्हणते वारसाची नोंद करा. भाऊ सही देत नाही.” म्हणजे त्यांना पुस्तक नकोच होतं. वारस नोंदीचा अर्ज कुठे करतात, कुठले कागद लागतात, सातबारा ऑनलाइन कसा बघतात आणि भाऊ अडून बसला तर कुणाकडे जायचं, हे हवं होतं. सल्ला द्यायला आपण वकील नाही, तो मोह टाळायचा. पण सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्या कुणालाही तिथे फुकट वकील मिळतो. एवढं एका चिठ्ठीवर लिहून दिलं तरी तो माणूस परत येतो, आणि पुढच्या खेपेला मुलीला घेऊन येतो.

याला अभ्यासक्रमात संदर्भसेवेतली मुलाखत म्हणतात, परीक्षेला ती टीप म्हणून येते आणि तिथेच विसरली जाते. कोर्स लावून ती येत नाही. दर वेळी दोन प्रश्न विचारायची सवय लावा: ‘कशासाठी हवंय?’ आणि ‘आतापर्यंत कुठे विचारलंत?’ पहिला प्रश्न मात्र जपून. कर्करोगाचं किंवा घटस्फोटाचं पुस्तक मागणाऱ्याला भर काउंटरवर ‘कशासाठी’ विचारायचं नसतं. तिथे ‘सोप्या भाषेतलं देऊ की सविस्तर?’ एवढंच विचारावं. आणि चिठ्ठीवर लिहायच्या गोष्टींची एक फाइल तयार ठेवा: दाखले कुठे मिळतात, शिष्यवृत्तीच्या तारखा, माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना, जवळच्या दवाखान्याच्या वेळा. सहा महिन्यांनी ती फाइल जुनी होते, तेव्हा ताजी करत राहायची. हे कंटाळवाणं काम आहे, पण सार्वजनिक ग्रंथपालाचा कस यातच लागतो असं मला वाटतं.

आता कोहा. जरूर शिका, पण पंधरा हजार भरून नको. सॉफ्टवेअर फुकट आहे, न्यूझीलंडमध्ये जन्मलं, जगभर चालतं. एखाद्या जुन्या संगणकावर उबुंटू टाकून ते बसवता येतं, आणि ते बसवताना येणाऱ्या अडचणींतच खरं शिक्षण आहे. केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-ग्रंथालय हाही पर्याय आहे. कुठलंही घ्या, मराठी नोंदी कशा करायच्या हे बहुतेक कार्यशाळांत कुणी शिकवत नाही, आणि आपली माणसं नेमकी तिथेच अडतात.

‘कादंबऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर तो ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराला हलन्त लावून होतो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ ला हलन्त लावून मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. म्हणजे नोंद तुम्ही एका पद्धतीनं केली आणि वाचकानं मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर समोर कपाटात असलेलं पुस्तक ‘उपलब्ध नाही’ होतं. ‘ॲटलस’ मधल्या ‘ॲ’ चंही तेच. त्यामुळे पहिल्याच दिवशी ठरवायचं: सगळ्या नोंदी एकाच कळफलकावरून, आकडे देवनागरी की रोमन तेही एकच, लेखकाच्या आद्याक्षरांत टिंबानंतर जागा सोडायची की नाही तेही एकच. हे नियम एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. आणि पुस्तकाचं नाव रोमन लिपीतही टाका. मार्क या सूचीनोंदीच्या ठरलेल्या साच्यात २४६ क्रमांकाचं क्षेत्र नावाच्या वेगळ्या रूपांसाठीच असतं. कॉलेजची पोरं मराठी पुस्तकसुद्धा इंग्रजी अक्षरांत शोधतात, त्यावर नाराज होण्यात अर्थ नाही.

टोपणनावांचंही बघा. कवी ग्रेस आपल्या नागपूरचे, त्यांचं मूळ नाव माणिक गोडघाटे. कुणी ‘गोडघाटे’ शोधलं तर त्याला ‘ग्रेस’ कडे वळवणारी नोंद हवी. कुसुमाग्रज-शिरवाडकरांचं तेच. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र पाठ असूनही आपण या एका नोंदीचा आळस करतो.

याच लिपीच्या प्रश्नातून थेट दृष्टिहीन वाचकांकडे जाता येतं. आपल्याकडे स्थानिक प्रकाशकांच्या, संस्थांच्या, स्मरणिकांच्या ज्या फाइली येतात त्यातल्या कितीतरी जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन चिन्हांचा गोंधळ असतो. ओळखायची सोपी युक्ती: एक ओळ कॉपी करून गुगलच्या चौकटीत पेस्ट करा. मराठी उमटली तर फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला कळणाऱ्या प्रमाण पद्धतीत आहे, कचरा उमटला तर नाही. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तो कचराच वाचतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी वाचतो. तुमच्या एका संगणकावर तो आजच टाका आणि डोळे मिटून, माउस बाजूला ठेवून, स्वतःचीच ऑनलाइन सूची चालवून बघा. दहा मिनिटांत जेवढं कळेल तेवढं दोन दिवसांच्या कार्यशाळेत कळणार नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी आपल्या बहुसंख्य ग्रंथपालांच्या गावीही नसते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. कलम ५२ मध्ये नव्यानं आलेल्या तरतुदीनुसार छापील पुस्तक वाचता न येणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी त्याची वाचता येईल अशी प्रत, म्हणजे ब्रेल, ध्वनिमुद्रित, मोठ्या अक्षरांतली किंवा युनिकोड मजकुराची, नफा न घेता तयार करता येते, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ही सवलत कुठल्या संस्थांना, याच्या स्पष्टीकरणात सरकारमान्य ग्रंथालयांचा उल्लेख आहे. म्हणजे तुमचं शासनमान्य वाचनालय यात बसतं. प्रत खऱ्या गरजूलाच जाईल याची काळजी घ्यायची, ती बाजारात पसरू द्यायची नाही, आणि फक्त खर्चापुरते पैसे घ्यायचे, या अटी आहेत. पुढे याच विषयावरचा माराकेश करार २०१४ मध्ये मान्य करणारा भारत पहिला देश ठरला. कायद्यानं दार उघडून दिलंय, आपणच उंबऱ्यावर थांबलोय.

प्रत्यक्षात कसं करायचं? तुमच्या अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं बसतात ना, त्यांच्यातली चार निवडा. एक जण मोबाइलनं पानांचे नीट फोटो काढेल, दुसरा गुगल ड्राइव्हमधून त्याचा मजकूर करून घेईल, तिसरी चुका दुरुस्त करेल. मराठी जोडाक्षरांत चुका राहतातच, त्यामुळे तिसरीचं काम सगळ्यांत मोठं. आधी मात्र ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन संग्रहात ते पुस्तक आधीच तयार आहे का बघून घ्या. तिथे दिव्यांग प्रमाणपत्रावर वाचकाची नोंदणी होते, ती तुम्ही बसून करून देऊ शकता. आणि याच पोरांमधून परीक्षेसाठी लेखनिक मिळतात. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लेखनिक शोधत वणवण करावी लागते, तुमच्याकडे इच्छुकांची यादी असली तर ती वणवण वाचते. पैसा शून्य लागतो. पण लेखनिकाच्या पात्रतेचे नियम परीक्षा मंडळागणिक वेगळे असतात, ते आधी वाचून घ्या, नाहीतर ऐनवेळी विद्यार्थ्याला फटका बसतो.

रॅम्पचं सगळे विचारतात, तेव्हा तेवढं सांगून टाकते. उतार एकास बारा हवा. सहा इंचाच्या दोन पायऱ्या म्हणजे एक फूट उंची, म्हणजे बारा फूट लांब रॅम्प. महाल भागातल्या जुन्या वाड्यात बारा फूट आणायचे कुठून? मग कुणीतरी चार फुटांची घसरगुंडी बांधतं आणि उद्घाटनाचा फोटो काढतं. त्यावरून व्हीलचेअर वर चढत नाही, आणि उतरताना माणूस तोंडावर पडतो. त्यापेक्षा खाली दारापाशी हाताला लागेल अशा उंचीवर घंटा बसवा, शेजारी मोठ्या अक्षरांत लिहा, आणि घंटा वाजली की पुस्तक घेऊन खाली जा. पुढेमागे देवघेव तळमजल्यावर आणता आली तर उत्तम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यातल्या बहुतेकांना रॅम्प लागतच नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला काउंटरवर पाटी-पेन्सिल आणि घाई न करणारा ग्रंथपाल एवढं पुष्कळ होतं.

आता संग्रहाकडे. नागपुरात हा विषय निघाला आणि दीक्षाभूमी आली नाही असं होणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर या शहरात वाचनाची एक मोठी परंपरा उभी राहिली, आणि ती बऱ्याच अंशी वाचनालयांच्या बाहेर वाढली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांचे किती स्टॉल लागतात आणि खेड्यापाड्यांतून आलेली माणसं, पोराबाळांना सांभाळत, पिशव्या भरभरून पुस्तकं कशी नेतात, हे ज्या ग्रंथपालानं पाहिलं नाही त्यानं ‘लोक वाचत नाहीत’ हे वाक्य नागपुरात उच्चारू नये. तिथे मिळणाऱ्या पुस्तिका, छोट्या प्रकाशकांची आत्मकथनं, गाण्यांची पुस्तकं ठोक विक्रेत्याच्या यादीत येत नाहीत. कितीतरींवर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, नसतो. त्या तिथे जाऊनच घ्याव्या लागतात.

अडचण बिलाची येते. लेखापरीक्षकाला पक्कं बिल हवं, स्टॉलवाला कोऱ्या पावतीवर लिहून देतो. यावर उपाय आधीच करायचा असतो. सप्टेंबरच्या बैठकीत कार्यकारिणीचा ठराव घ्या की अमुक रकमेपर्यंत रोखीनं खरेदी करण्यास ग्रंथपाल आणि एका सदस्यास अधिकार देण्यात येत आहे. पावतीवर स्टॉलवाल्याचा शिक्का किंवा सही, मागे पुस्तकांची यादी, आणि त्या सदस्याची सही. तो सदस्य सोबत यायलाच हवा. दोन तास तिथे फिरला की पुढच्या वर्षी तो स्वतःच रक्कम वाढवून मागतो. सोळा पानी पुस्तिका कपाटात उभ्या राहत नाहीत, हरवतात. त्यांना विषयवार खोक्यात ठेवा आणि प्रत्येकीला दाखल क्रमांक द्या.

मग वर्गीकरण. पुस्तकांना विषयवार अंक देण्याची ड्यूईची पद्धत १८७६ ची, अमेरिकेतली. धर्माच्या २०० च्या वर्गात २२० ते २८० ख्रिस्ती धर्माला आणि उरलेलं सगळं जग २९० मध्ये. बौद्ध धर्म २९४.३ वर, हिंदू धर्म २९४.५ वर. बाबासाहेबांवरचा आणि बाबासाहेबांचा संग्रह या पद्धतीनं धम्म, जातिव्यवस्था, अर्थशास्त्र, राज्यघटना, चरित्र असा पाच-सहा कपाटांत विखुरतो. सरकारनं १९७९ पासून काढलेले लेखन-भाषणांचे खंड आणखी कुठेतरी. शास्त्रानुसार हे बरोबर आहे. पण जो वाचक पहिल्यांदा आत आला आणि ‘बाबासाहेबांची पुस्तकं कुठे?’ म्हणाला, त्याला सहा कपाटं फिरवणं बरोबर नाही. वर्गांक बदलू नका, तो पुस्तकाच्या मणक्यावर तसाच राहू द्या. स्थान बदला. एक कपाट वेगळं करा, सूचीत स्थानाच्या रकान्यात तसं नोंदवा. तज्ज्ञ मंडळी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

भाषेचंही असंच. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथल्या जुन्या वाचनालयांत हिंदीचं कपाट असतंच. पण पाहिलंत तर त्यात नवीन भर वर्षानुवर्षं नसते. मोमिनपुऱ्याजवळच्या वाचनालयात उर्दू नाही, जरीपटक्याजवळ सिंधी नाही, हे चालू राहतं कारण ‘आपल्याला वाचता येत नाही, निवड कशी करणार?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सोपं आहे. त्या भाषेतल्या शाळेची एक शिक्षिका आणि एक नियमित वाचक, दोघांना निवडीसाठी बसवा. आपण निदान लिपीची ओळख करून घ्या. उर्दू अक्षरं लावायला शिकायला काही आठवडे पुरतात, पुस्तकाचं नाव आणि लेखक वाचता आले की दाखलनोंद करता येते. आणि दोन कोपऱ्यांत दोन समाज असं होऊ देऊ नका. उर्दूची मासिकं त्याच टेबलावर, मराठीच्या शेजारी.

आता सभासदत्वाचा अर्ज बाहेर काढून समोर ठेवा. पत्त्याचा पुरावा मागता? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे तिच्या नावाचं वीजबिल नसतं. अनामत एकरकमी घेता? दोन हप्त्यांत घ्या, किंवा जुन्या सभासदाची ओळख चालवा. लिंगाच्या रकान्यात दोनच चौकोन आहेत? तिसरा छापा, किंवा तो रकानाच काढून टाका. पुस्तक देवघेवीला त्याची गरज काय? ‘पती किंवा वडिलांचे नाव’ ही ओळ अजून कितीतरी अर्जांत आहे. काढा.

वेळा बघा. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ ही वेळ नोकरदार पुरुषांच्या सोयीनं कधीतरी ठरली आणि तशीच राहिली. घरच्या बाईला फुरसत मिळते ती दुपारी, डबे गेल्यावर आणि पोरं शाळेतून यायच्या आत. आठवड्यातून दोन दुपारी उघडून बघा. अर्थात होळी झाली की मृग लागेपर्यंत नागपुरात दुपारी दोनला कुणी चिमणीही बाहेर पडत नाही, तेव्हा त्या महिन्यांत सकाळी सातला उघडा. आणि अभ्यासिकेत मुली कमी का, याची कारणं शोधत बसण्याआधी स्वच्छतागृहाची कडी लागते का आणि आत दिवा आहे का ते बघून या.

अभ्यासिका हा स्वतःच एक तंटा आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून जागा धरतात, वर्तमानपत्र वाचायला येणारे आजोबा दारातूनच वळतात. पोरांना हाकलू नका, त्यांना घरी बसायला जागा नाही म्हणून ती येतात. पण वर्तमानपत्रांचं टेबल राखीव ठेवा, त्यावर दप्तर ठेवू द्यायचं नाही, एवढा नियम कडक पाळा. आजोबांसाठी एक हातात धरायचं भिंग आणि टेबलावर एक चांगला दिवा ठेवा.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. कोण काय वाचतं हे बाहेर जाता कामा नये. देवघेवीचं रजिस्टर काउंटरवर उघडं पडलेलं असतं, पुढचा माणूस सही करताना मागच्या दहा जणांचं वाचन बघतो. एखाद्या मुलीचा भाऊ येऊन सहज विचारतो, “ती काय नेते हो?” वस्ती ओळखीची, भाऊ ओळखीचा, आपणही सहज सांगून जातो. सांगायचं नाही. हसून म्हणायचं, “तिलाच विचारा.” शिपाईदादांनाही हे शिकवून ठेवा. आंतरजातीय लग्नाच्या नोंदणीची माहिती, मानसिक आजाराचं पुस्तक, धर्म सोडण्याबद्दलचं पुस्तक, या गोष्टी माणूस ज्या वाचनालयात निर्धास्तपणे मागू शकत नाही तिथे बाकीचं समावेशन फलकापुरतंच राहतं.

शिकण्याकडे परत येते. संचालनालयाच्या आणि जिल्हा ग्रंथालय संघाच्या कार्यशाळांना जा. अधिवेशनांत सत्कार फार आणि काम थोडं असतं, पण जेवणाच्या रांगेत दुसऱ्या तालुक्याचा ग्रंथपाल जे सांगतो ते कुठल्याही बीजभाषणात नसतं. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे ग्रंथालयशास्त्राचे ऑनलाइन अभ्यासक्रम घरी बसून ऐकता येतात, आणि परीक्षा द्यायची नसेल तर फुकट. ग्रंथालयांना मदत देणाऱ्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना, कोलकात्याच्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचा, कुणी सांगेल म्हणून थांबू नका. नेट द्यायचं ठरवलंत तरी या सगळ्याचा अभ्यासाला उपयोगच होतो.

राहिलं टिपण. ‘आमचे वाचनालय सर्व घटकांना सामावून घेते’ असं वाक्य लिहू नका, प्रत्येक वाचनालयाच्या अहवालात ते असतं. वहीतून घ्या. यंदा किती मागण्या परत गेल्या, त्या कुठल्या कारणांनी, त्यातली कुठली तीन कारणं पुढच्या वर्षी दूर करणार, प्रत्येकाला खर्च किती आणि तो कुठल्या शीर्षातून. दीड पान पुरे. कार्यकारिणीतली ज्येष्ठ मंडळी तत्त्वाला लगेच होकार देतात आणि खर्चाला नकार. म्हणून पहिल्या तीनांत दोन बिनखर्ची ठेवा: अर्जातले रकाने बदलणं आणि दोन दुपारची वेळ. तिसरं खर्चाचं, घंटा किंवा दीक्षाभूमीवरची खरेदी. युनेस्को आणि इफ्ला हा ग्रंथालयांचा आंतरराष्ट्रीय महासंघ यांचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा आहे, १९४९ चा, शेवटची सुधारणा २०२२ ची. त्याचा एका ओळीत उल्लेख करा, कार्यवाहांना बरं वाटेल आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या तपासणीतही उपयोगी पडेल. टिपण बैठकीत वाचून दाखवण्याआधी अध्यक्षांना एकटं गाठून वहीची चार पानं त्यांच्या हातात द्या, आणि ते वाचत असताना काही बोलू नका.